चौकातला घोडा

माझा मित्र ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवून झाल्यावर त्याने पहिलीवहिली ऐतिहासिक साहसकथा लिहिली, चांगली चारशे पानांची, आणि तिचं परीक्षण माझ्या गळ्यात मारलं. मी गाडी त्याच्याकडेच शिकतोय, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"कशी वाटली?" मी गाडी रस्त्यावर काढली तसं त्याने विचारलं.

"तलवारबाजी झकास. पण लेका, तुझा नायक प्रत्येक चौकात घोडा थांबवतो! मागे शत्रूचे तीनशे स्वार, मांडीत बाण घुसलेला, आणि हा आधी उजवीकडे बघतो, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. शिवाय वळायच्या आधी हात दाखवतो! कोणाला? शत्रूला?"

"पुढे बोल," तो शांतपणे म्हणाला.

"पुढे काय बोलणार, कपाळ! वाचकाचा जीव टांगणीला लागायचा, तर इथे जांभया येतात." मी तावातावाने त्याच्याकडे वळलो. "मी तर सरळ लिहिणार आहे, की असल्या भित्र्या नायकाने..."

चौकाच्या तोंडाशी गाडी गचका खाऊन जागच्या जागी थांबली. आमच्या नाकासमोरून एक ट्रक हॉर्न बोंबलवत धडधडत गेला. मित्राने त्याच्या बाजूच्या जादा ब्रेकवरचा पाय हळूच उचलला.

"लिही की," तो म्हणाला. "फक्त एवढं ध्यानात ठेव, त्या बिचाऱ्याच्या शेजारी मी बसलेलो नसतो."