किडनीचं माहेरपण

आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात, तशी मालूताईंची किडनीही आली. त्यांनी ती धाकट्या बहिणीला, बसमध्ये कंडक्टर असलेल्या हिरकणाला दिली होती. दिलेला अवयव वर्षातून एकदा चार दिवस मूळ शरीरात विसाव्याला आणायची आता रीतच पडली होती. तेवढे दिवस हिरकणा दवाखान्यात यंत्रावर काढायची.

यंदा मात्र मालूताईंची तहान काही भागेना. तांब्यावर तांबे रिचवले, तरी लघवी थेंबथेंब आणि गडद पिवळी. किडनी पाणी सोडायलाच तयार नव्हती, जन्मभर दुष्काळ पाहिलेल्या बाईसारखी घट्ट धरून बसली होती. एवढी काटकसर ही शिकली तरी कुठे?

त्यांनी फोन लावला.

“हिरे, पाणी पितेस ना गं?”

“पिते की, भरपूर!”

“खोटं नको बोलू. माहेरवाशीण सगळं सांगतेय मला. अशानं वाळून जाईल गं ती, अन् तूही.”



“ताई,” हिरकणा म्हणाली, “किडनीला माहेरी जायची सोय झाली. पण माझ्या रस्त्यावर बाईमाणसाला लघवीला जायची सोय एकाही थांब्यावर नाही अजून. मग पाणी पिऊ कसं?”