चराचं तोंड

झाडं लावायची म्हणून टॉर्किलने स्कॉटलंडच्या दलदलीत चर खणले. तळी आटली, हजारो वर्षं शेवाळ कुजून साठलेली माती सुकून पेटली आणि आग विझवायला धावलेला शेजारच्या ईशबेलचा नवरा धुरात गुदमरून मेला. “त्याला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?” टॉर्किल म्हणाला. सगळ्या चरांचं पाणी जिथून बाहेर पडायचं, ते तोंड ईशबेलच्या रानात होतं. तिने ते फळ्या ठोकून बुजवलं. तळी पुन्हा भरली, पाणी टॉर्किलच्या झाडांच्या मुळांत शिरलं. वसंतात तो कुदळ घेऊन आला. “फळ्या काढ, माझी झाडं मरतायत!” “आधी तिकडे बघ.” फळ्यांलगत तळ्याच्या काठावर लाल गळ्याची पाणपक्षीण अंड्यांवर बसली होती. तिला उठवणाऱ्याला कायद्याने तुरुंग, हे त्यालाही ठाऊक होतं. “पिल्लं कधी उडतील?” त्याने दात-ओठ खात विचारलं. “उन्हाळ्याअखेर. पण हे पक्षी दरवर्षी इथेच परततात, जोडीने.”