रबरी चपला

"करार अकरा महिन्यांचा आहे. चौथ्यातच निघालीस तर डिपॉझिट विसरायचं," घोटवडेकरकाका म्हणाले. ते स्वतः त्या फ्लॅटचे जुने भाडेकरू. आतली खोली त्यांनी मृण्मयीला पोटभाड्याने दिली होती.

"काका, बाथरूमच्या नळाला करंट येतो. सकाळी माझा हात चिकटायचाच राहिला."

"बारा वर्षं तिथेच आंघोळ करतोय. माझा बरा नाही चिकटत! तुला नुसतं निमित्त हवं."

डिपॉझिटचे चाळीस हजार मृण्मयीच्या आईच्या भिशीचे होते. तरीही ती बोलून गेली, "मग माझ्यादेखत नळ सोडून दाखवा. काही झालं नाही, तर डिपॉझिट तुमचं."

"हात्तिच्या! एवढंच ना?" काका तरातरा निघाले. बाथरूमच्या दाराशी, बोलता बोलता, त्यांचे पाय सवयीने कोपऱ्यातल्या जाड रबरी चपलांत शिरले. हात नळाकडे गेला.

"काका," मृण्मयी हळूच म्हणाली, "चपला काढून सोडा ना."

काकांनी खाली पाहिलं. नळापासून वीतभरावर हात थबकला. क्षणभर दोघंही त्या चपलांकडेच बघत राहिले.

मग चपला न काढताच काका चेकबुक आणायला गेले.