तुटक्या कडेची कवडी

"हे बघ उषा, सुई एक नि दंड चार. कुणाला देतेस ते सांग," म्हणत जानूतात्यांनी दारातच बसकण मारली. "ठरल्याशिवाय कुणी हलायचं नाय."

सांगणार काय, कपाळ! उषा दांडी गावच्या आरोग्य उपकेंद्राची सिस्टर. फ्लूच्या लसी मागितल्या चाळीस, आल्या अकरा. दहा टोचून झाल्या. उरलेल्या एकीसाठी चौघं समोर, आणि सरकारी यादीत चौघंही पहिल्याच नंबरात. जानूतात्यांचं हृदय अधू. हंसाची साखर कधी ताब्यात नसते. भाविकाला सातवा महिना. चौथी उषाची सासू रंभाबाई, जुनी दमेकरी. पुन्हा ताप छातीत उतरला तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. खिडकीच्या गजांना अर्धं गाव लटकलं होतं. सासूला दिली तर सिस्टरनं घरचं बघितलं म्हणणार. नाही दिली तर नवरा जन्मभर तोंड बघणार नाही. पळून जावं तर दारात तात्या!

"वाटा काढा," रंभाबाईच म्हणाली.

गावाला लगेच पटलं. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे असेच होतात. जो तो आपली खूण देतो, सुपारी, बटण, हाताला येईल ते. खुणा न पाहिलेला माणूस त्या वाट्यांवर ठेवतो. मग कुणी कुरकुरत नाही.

"ज्याची खूण निघंल त्यालाच सुई," तात्यांनी दटावलं. "मागाहून देणंघेणं नाय. आणि काढायची उषानंच. डोळं मिटल्यावर कुठली सासू नि कुठली सून!"

उषा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चौघांनी मुठी झाकून आपापल्या खुणा पिशवीत टाकल्या. मग डोळे मिटून तिनं आत हात घातला.

सुपारी. बटण. केसांची पिन. आणि कवडी.

तिचा हात थिजला. कवडीची एक कड तुटलेली होती. नऊ वर्षं ही कवडी वाट्यावरून उचलून, धुऊन तिनंच घरी नेली होती. रंभाबाईची खूण कधी दुसरी नसायचीच. अगं आई, आज तरी दुसरं काही टाकायचंस! उचलली तर लबाडी. सोडली तर आपल्याच हातानं आईला मरणाच्या दारात ढकलायचं. तिच्या बाळंतपणात हिनंच सगळं केलं होतं, पोटच्या पोरीसारखं. उषाला रडूच आलं. बोटं कवडीवर घट्ट मिटली.

"आवर की गं!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं.

तिनं कवडी सोडली. बाकीच्या तिन्हींतलं पहिलं हाताला लागलं ते बाहेर काढलं आणि डोळे उघडले. पिन होती.

भाविकाची असेल म्हणून तिनं तिकडे पाहिलं. भाविका पोटावर हात ठेवून बसली होती, तिचा चेहरा उतरला होता. पुढे आली ती रंभाबाई. तिचा अंबाडा पाठीवर सुटला होता.

तात्यांनी मान डोलावली. ठरलं ते ठरलं. उषा सासूच्या दंडावर कापूस फिरवू लागली, तशी रंभाबाई तिच्या कानाशी पुटपुटली, "कवडी मी भाविकाच्या मुठीत दिलती, पोरी. वाटलं, तू माझीच समजून उचलशील."