टोक न मोडता

धाकटी जाऊ फोन कानाला लावून पुन्हा विहिरीपलीकडे गेली, तेव्हा थोरलीनं भेंडीचं क्रेट खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून ती बघत राहिली. पाणी कुठंतरी मुरत होतं.

भाजीचा हा फोनवरचा धंदा धाकटीनं काढलेला. सकाळी तिनं मळ्यातल्या भाजीचे फोटो टाकायचे, शहरातल्या गिऱ्हाइकांनी निरोप पाठवायचे, आणि संध्याकाळी ताजी तोडलेली भाजी त्यांच्या दारात पोचवायची. तोडायचं काम थोरलीचं, कारण तिच्याइतका हात कुणाचाच बसलेला नव्हता. वाचायचं, बोलायचं आणि स्कूटीवरून पोचवायचं काम धाकटीचं. थोरलीला वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही, चष्मा घरी राहतो असं ती म्हणायची. धाकटीनं मागणी वाचून दाखवली की ती दुसऱ्यांदा विचारायची, "नक्की?" हे तिचं रोजचंच.

पूर्वी धाकटी सगळ्यांसमोर फोनवरचे निरोप वाजवायची. कुणी कौतुक केलं की थोरलीला मुद्दाम ऐकवायची. हल्ली निरोप आला की उठून लांब जायची, आवाज बारीक करायची आणि परत येऊन इकडचं तिकडचं बोलायला लागायची. त्यात काल थोरलीला शेडमागे ताडपत्रीखाली एक पोतं सापडलं. पोत्यात भेंडी होती. इथं भेंडी तोडणारी ती एकटीच, म्हणजे तिच्याच क्रेटमधून काढलेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाई माल बाजूला काढून परस्पर विकत होती. आज धंदा वेगळा, उद्या चूल वेगळी. जिला घरात आल्यापासून हाताला धरून सगळं शिकवलं, तीच अशी निघावी याचा थोरलीला राग होता, पण रागापेक्षा दुःख मोठं होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जगाचे डोळे मिटलेले नसतात, हे तिला आज ऐकवायचंच होतं.

धाकटी परत आली आणि भेंडी निवडायला बसली. थोरलीनं तोंड उघडलं, तेवढ्यात वासरू खुंटी उपटून पालकाच्या वाफ्यात शिरलं. धाकटी फोन क्रेटवर तसाच उघडा टाकून त्याच्यामागे धावली.

थोरलीनं फोन उचलला. अक्षरं फडक्यानं पुसल्यासारखी दिसत होती, पण आवाजाचे निरोप कसे वाजवायचे ते तिला येत होतं. परगावच्या लेकीचे निरोप ती तसेच ऐकायची. तिनं अंदाजानं बोट ठेवलं.

एका बाईचा चिडलेला आवाज आला. "पुन्हा तेच. तुमची भेंडी चिरताना सुरी अडकते हो. निम्मी जून निघाली. बाजारात निदान टोक मोडून बघता येतं, तुमच्याकडून घ्यायची म्हणजे नुसता भरवसा."

थोरलीनं बोट खाली सरकवलं. आता धाकटीचा आवाज, दबका. "माझंच चुकलं, काकू. हल्ली भेंडी मी तोडते. माझी नजर बसली नाही अजून. आमच्या जाऊबाई तोडायच्या, तेव्हा असं कधी झालं होतं का? ती परत घेते, दुसरी देते."

थोरली उठली आणि शेडमागून ते पोतं ओढत घेऊन आली. बाजारासाठी तोडायची तेव्हा शंका आली की ती अंगठ्यानं टोक मोडून बघायची. भेंडी कोवळी असली तर टोक कट्कन मोडतं, जून असली तर नुसतं वाकतं. पण मोडलेलं टोक संध्याकाळपर्यंत काळं पडतं आणि फोनवरच्या गिऱ्हाइकांना भेंडी अखंड लागते, म्हणून आता ती नुसत्या नजरेनं तोडत होती. तिनं पोत्यातली एक भेंडी घेतली. टोक वाकलं. दुसरी घेतली, तिचंही वाकलं. तळाशी हात घालून काढलेलीचंही टोक मोडेना.

धाकटी वासराला ओढत आली. पोतं बघून जागीच थांबली.

"कधीपासून?" थोरलीनं विचारलं.

धाकटी दाव्याशी चाळा करत राहिली. "काकडीचा हंगाम संपला तेव्हापासून. तुम्ही तोडलेलं मी पुन्हा निवडते, तरी काही राहतातच. डोळ्यांचं एकदा बोलले होते, ताई, तर तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत."

"मला वाटलं, तू बाजूला विकतेस."

"ही? ही फुकट दिली तरी कोण घेईल?"

थोरलीला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. आपण काय काय मनात आणलं होतं, याची तिला लाज वाटली. मग ती रागावली, कारण लाज वाटली की तिला रागच यायचा. स्वतःचं नाव कशाला खराब करत बसलीस, असं तिनं विचारलं.

"माझं नाव अजून झालंय कुठं, खराब व्हायला?"

थोरलीनं पदरानं तोंड पुसलं आणि फोन पुढे केला. त्या बाईशी बोलायचं म्हणाली. धाकटी नको नको म्हणत होती, पण शेवटी तिनं थोरलीचं बोट धरून योग्य जागी टेकवलं. थोरली फोनला ओठ लागतील इतक्या जवळून बोलली.

"भेंडी मीच तोडत होते, बाई. मला नीट दिसत नाही. उद्यापासून ही तोडेल, मी टोपली धरीन."

निरोप गेला. पलीकडे बाईनं तो उघडला की खाली दोन निळ्या खुणा येतात, असं धाकटीनं सांगितलं. दोघी वाट बघत बसल्या. वासरू पोत्यात तोंड घालून भेंडी खायला लागलं, तरी कुणी त्याला हाकललं नाही. थोरलीनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"आल्या का गं?"

"आल्या."

थोरलीनं फोन तिच्या हातात दिला. नक्की, असं काही तिनं विचारलं नाही.