सोबतीची घोडी

प्रेक्षकांच्या ओट्यावर वाळत घातलेली एक चादर.

जॉकीचं लायसन्स. दरवर्षी नवं करून घेतलेलं, कधीच न लागलेलं.

चहावाल्याचे भाऊजी आणि त्यांची आळशी घोडी.

दोन शब्द: चल घरी.

खोकणारा एक घोडा.

त्या खोकल्यापासूनच सुरुवात करायला हवी. घोडा खोकला, डॉक्टरने मान हलवली, आणि शर्यत तोंडावर आली असताना घोडे उरले चार. पाच धावले नाहीत तर शर्यत रद्द. आणि मुख्य कचेरीतून आलेल्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, आज शर्यत रद्द झाली तर उद्यापासून मैदानाला कुलूप.

चांगले घोडे केव्हाच मोठ्या मैदानांवर गेले होते. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे वासरंही लंगडी होती. एक स्वतःच्या सावलीला बिचकायचा. एक गेट उघडलं की आधी जांभई द्यायचा. तसे सगळे जातिवंत. पणजोबांनी चषक जिंकले होते, पणतू त्या पुण्याईवर चंदी खात होते.

"ताई!" धाकटा भाऊ धापा टाकत आला. तबेला त्याचा, घोड्यांना तयार करणाराही तोच. "तुझं लायसन्स चालू आहे ना?"

ताई करवलीच्या पाठीवर होती. करवली ही सोबतीची घोडी. शर्यतीआधी बिथरणाऱ्या घोड्यांना चुचकारत गेटपर्यंत पोचवायचं आणि एकटीने परत फिरायचं, एवढंच तिचं काम. लग्न दुसऱ्याचं, मिरवायचं हिने, म्हणून ते नाव पडलं. ताईचंही तेच झालं होतं. जॉकी व्हायला आली, कुणी धड घोडा दिला नाही, म्हणून चार दिवस सोबतीला लागली. त्या चार दिवसांत केस पांढरे झाले.

"चालू आहे," ती म्हणाली. "आणि करवलीचं नावही शर्यतीच्या घोड्यांच्या नोंदीत आहे. तू काढायला विसरलास."

"विसरलो नव्हतो, कंटाळा केला. देव आळशालाही पावतो बघ. पाचवी म्हणून धाव फक्त. आणि ताई, जिंकबिंकू नकोस हं! सोबतीची म्हातारी घोडी जिंकली असं बाहेर कळलं, तर इथे कुत्रंसुद्धा धावायला येणार नाही."

चहावाला इतका हसला की कपातला चहा बशीत आला. ताईही हसली. जरा उशिरा.

करवली नेहमीसारखी चौघांना घेऊन गेटपर्यंत गेली आणि नेहमीसारखी परत फिरू लागली. तिला वळवून आत घातलं, तेव्हा तिने मागे मान करून ताईकडे पाहिलं. काहीतरी चुकतंय, बाई.

गेट उघडलं. जांभई देणाऱ्याने जांभई दिली. बाकीचे पळाले, आणि करवली त्यांच्या बाजूने पळाली, कारण बाजूने पळणं हेच तिचं काम. वळणावर ओट्यावरची चादर फडफडली. सावलीला बिचकणारा चादरीलाही बिचकला आणि शेजारच्याला घेऊन पार कुंपणापर्यंत गेला. शेवटच्या सरळ पट्ट्यात उरले दोघंच: त्यातल्या त्यात बरा एक घोडा, आणि त्याच्या अर्धी मान मागे, अदबीने, करवली.

बऱ्या घोड्याच्या तोंडाला फेस आला होता. करवलीचा श्वाससुद्धा चढला नव्हता.

कठड्याशी भाऊ दोन्ही हात हलवत होता. नको, नको! लोकांना वाटलं बहिणीला जोर देतोय; तेही हात हलवायला लागले.

समोर जिंकण्याचा खांब. खांबाच्या पलीकडे तबेला.

गेटवर घोडे सोडले की ताई दर वेळी करवलीच्या कानाशी दोन शब्द बोलायची. त्या दोन शब्दांवर करवली कशी सुटायची, ते ताईशिवाय कुणी कधी पाहिलंच नव्हतं. कारण तेव्हा सगळ्यांचे डोळे शर्यतीकडे असायचे.

ताईने एकदा भावाकडे पाहिलं. मग ती वाकली.

"चल घरी."

करवलीने खांब मागे टाकला आणि ती थांबलीच नाही. कुंपणातल्या वाटेने थेट तबेल्यात. चषक घेऊन मंडळी तिच्यामागे धावली. बक्षीस समारंभ तबेल्याच्या दारात झाला. जिंकणारीचं तोंड चंदीत होतं.

"ताई, सांगितलं होतं ना!" भावाने कपाळाला हात लावला, पण तोंडावरचं हसू काही त्याला लपवता येईना.

"सांगितलं होतंस. ऐकूही आलं होतं."

साहेबांनी घाम पुसला. "पाच धावले, मी पाच लिहिले. घोडे कसे आहेत ते तुमचं तुम्ही बघा, मला आकडा लागतो. पुढच्या रविवारी आठ हवेत. नाहीतर कुलूप."

"आठ?" भाऊ म्हणाला. "आता कोण येणार साहेब? सगळीकडे बोभाटा होईल, इथे सोबतीची घोडीसुद्धा जिंकते म्हणून!"

चहावाला तोवर फोनवर होता. "भाऊजी, ती आळशी घोडी विकलीत का हो? विकू नका. आधी ऐका तर."

ताईने चषक करवलीपुढे धरला. करवलीने आत हुंगून पाहिलं, चंदी नाही म्हणून तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी चौदा घोडे आले, आणि करवलीला गेटपर्यंत तीन खेपा माराव्या लागल्या.