जरा उजळ कर

रंगावरून मुली नाकारणाऱ्या समाजाला सणसणीत चपराक द्यायची, म्हणून दिग्दर्शकसाहेबांनी सिनेमा काढला. कॅमेऱ्यातून आलेल्या निस्तेज, करड्या फुटेजवर रंग चढवायचं काम कलरिस्टकडे होतं. "ही तुझ्यासारख्याच मुलींची गोष्ट आहे, जीव ओतून कर," असं त्यांनी तिला आल्याआल्याच सांगितलं होतं.

मग हळूच म्हणाले, "नायिकेला जरा उजळ कर गं. लोकांना आवडायला नको का?" तिनं केली. आता मुलगी बघायच्या प्रसंगात नायिकेशेजारी मुलाची आई काळवंडलेली दिसायला लागली, म्हणून तिलाही उजळवली. नवरामुलगा तर पार ट्यूबलाइटसारखा लख्ख झाला. शेवटी मुलाच्या आईनं नाक मुरडून "मुलगी काळी आहे हो!" म्हटलं, तेव्हा पडद्यावर काळं म्हणावं असं कुणी उरलंच नव्हतं.

"सर, लोक हसतील," कलरिस्ट म्हणाली. "नायिकेचा मूळ रंग परत आणू का?"

साहेबांनी तो प्रसंग पुन्हा पाहिला. काहीतरी चुकतंय हे त्यांनाही पटलं.

 

संध्याकाळी त्यांनी आईचं काम करणाऱ्या बाईंना डबिंगला बोलावलं आणि नवं वाक्य हातात दिलं : "मुलगी बुटकी आहे हो!"